शालिकभाऊच्या विमानाला चांदीचा हात

जमलेल्या आयाबहिणींनो, भावांनो, आणि पुण्याहून आलेली शालिकभाऊची लेक, आपली मंदा,

मला बोलता येत नाही. सातवीत शाळा सुटली, मग वैनगंगेत जाळं टाकत जन्म गेला. माशांपुढे भाषण करावं लागत नाही.  माईक बंद पडेल की मीच बंद पडेन, हेच डोक्यात चालू आहे. पण शालिकभाऊच्या घरच्या, आपल्या सुलोचना वहिनी म्हणाल्या, तुम्हीच बोला. म्हणून उभा आहे. चुकलं तर सांभाळून घ्या.

शालिकभाऊला तुम्ही एसटीचा ड्रायव्हर म्हणून ओळखता. जन्मभर लाल गाडी चालवली, विमानात कधी बसला नाही. रिटायर झाल्यावर घरात नुसता येरझारा घालायचा. वहिनी कावल्या. तेव्हा मंदाने एक पेटी पाठवली. आत विमानाचे प्लास्टिकचे सुटे तुकडे. ते जोडायचे, रंगवायचे, की वीतभर विमान तयार. तेच हे, फोटोजवळ ठेवलेलं. म्हणजे त्या पहिल्या पेटीतलं नाही, त्यानंतर बरीच केली, हे शेवटचं.

जुन्या काळी काही विमानांना रंगच नसायचा. नुसता चकाकणारा पत्रा. शालिकभाऊला तसलंच विमान पाहिजे होतं. त्यासाठी सिल्व्हर लॅकर आणलं, म्हणजे चांदीसारखा चकाकणारा रंग. ते पातळ करून एअरब्रशने, म्हणजे हवेच्या बारीक पिचकारीने फवारायचं असतं. पातळ कशाने करायचं? दरवाज्याच्या रंगात आपण तारपीन घालतो. आम्ही दोघं शहाणे, यातही तारपीनच ओतलं. गुठळ्या झाल्या. वहिनींनी डोकावून पाहिलं आणि विचारलं, "दूध फाटलं का जी? आता पनीर करा."

दुसऱ्या वेळी गाड्या रंगवणाऱ्याकडून कडक थिनर आणलं. आणि भाऊने बस धुतल्यासारखा फवारा मारला. पंख वितळून पापडासारखा वळला. मी घाबरलो. हा मात्र खुर्चीत बसून हसतोय. म्हणाला, "जनमभर गाडी नाही ठोकली गा नत्थू, अन् इमान ठोकलं."

हळूहळू जमत गेलं. लॅकर कपाच्या भिंतीवरून दुधासारखं उतरलं पाहिजे. ताकासारखं नको, पाण्यासारखं नको. चांदीची भुकटी वाळूसारखी तळाशी बसते, म्हणून सारखं ढवळत राहायचं. आणि चांदीच्या खाली आधी काळा चकचकीत रंग द्यायचा. मी म्हटलं, पांढऱ्याशुभ्र वस्तूला काळं काहून फासतं? तो म्हणाला, पाहा तर खरं. पाहिलं. काळ्यावर चांदी पत्र्यासारखी उठते.

पण एक वैरी होता. ओलसर हवा. हवेत दमटपणा असला की ही चांदी पांढरट पडते, धुकं बसल्यासारखी. आणि आपलं कारधा तर नदीला खेटून. मग शालिकभाऊने मला कामाला लावलं. खिडकीत मिठाची वाटी ठेवायची. मिठाला पाझर फुटला तर रंग नाही. वाटी बघायची, नदीवरची हवा बघायची आणि निकाल द्यायचा, हे माझं काम.

मंडळी, माझ्या घरात माझ्या काळजीला कोणी विचारत नाही. मुलं म्हणतात, बाबा, तुम्ही गप बसा. शालिकभाऊने त्याच काळजीला नोकरी दिली. रोज आवाज द्यायचा, "नत्थू, आज?" मी म्हणायचो, "आज नाही गा." तो कधी चिडला नाही. "बरं, उद्या," म्हणायचा आणि चहा मागवायचा. मीठ कोरडं असलं तरी माझ्या तोंडून "आज" निघत नसे, "तूच पाहा गा" म्हणायचो, मग तो रंग काढायचा. असा अधिकारी मला जन्मात मिळाला नव्हता.

या शेवटच्या विमानाला काळा रंग देऊन झाला आणि पावसाची झड लागली. रोज मीठ ओलं. रोज माझं "नाही". एका रात्री तो "बरं, उद्या" म्हणून झोपला, तो उठलाच नाही.

विमान काळंच राहिलं.

परवा वहिनींनी मला बोलावलं. म्हणाल्या, "काळं इमान फोटोपाशी ठेवून मी बसणार नाही, भाऊजी. तेरवीले चांदी चढली पाहिजे."  एअरब्रश मी कधी धरला नव्हता. मला फक्त नाही म्हणता येतं. आणि विमान बिघडलं तर? दुसरं करून द्यायला तो आहे कुठे?

आज सकाळी झड उघडली. ऊन पडलं. मी वाटी पाहिली, बाहेर जाऊन आलो, पुन्हा वाटी पाहिली. वहिनी मागेच उभ्या. "मीठ कोरडं हाय, भाऊजी. आता बहाणा कोणता?"

बहाणा नव्हता. तेरवीच्या दिवशी, सकाळच्या उन्हात, आयुष्यात पहिल्यांदा मी "आज" म्हणालो.

लॅकर ढवळलं. खूपच ढवळलं. एअरब्रश उचलला, तर वहिनींनी कोपराखाली आपला हात दिला. पहिला हात मारला तर काहीच दिसेना, काळंच. माझा जीव उडाला. म्हटलं, जाड मारतो. वहिनी म्हणाल्या, "हे म्हणत, पहिल्या हातात दिसली नाही तं समजा बराबर मारलं." दुसऱ्याला राखाडी झालं. तिसऱ्याला चांदी उठली. अशी उठली की पंखात खिडकी दिसली, आणि खिडकीजवळ आम्ही दोन म्हातारी माणसं.

डाव्या पंखावर एक चिलट चिकटलं आहे. मी घासून काढणार होतो. वहिनी म्हणाल्या, राहू द्या, कारध्याचं आहे. तर ते तुम्हाला दिसेल. हसलात तरी चालेल, तोही हसला असता.

आता शेवटचं. चांदीचा एक हात मारला की दुसऱ्यापर्यंत थांबावं लागतं. तेवढा वेळ शालिकभाऊ पंखा बंद करायचा, बोलणं बंद करायचा. धूळ उडेल, थुंकी उडेल म्हणायचा. आम्ही दोघं विमानाकडे बघत चुपचाप बसायचो. इतकं बरं मला कुठे वाटलं नाही.

तेवढाच वेळ आपण सगळे उभे राहू. पंखा बंद करा रे कोणीतरी. कोणी हलू नका, मला काळजी लागते.

मी "वाळलं" म्हणालो की बसा.