समोरच्याचा दिवा

...अन् मलाच म्हणतेत, "बलभीमराव, डोळं तपासून घ्या!" का म्हणून? काय झालंय माझ्या डोळ्याला? पल्याडच्या माळावर शेळी कुणाची ते म्या हितनं सांगतो! पर समोरच्यानं लारीला दोन सूर्य बांधून आणल्यावर डोळ्यानं करायचं काय, सांगा की! दिवा खाली कर बाबा... एवढंच मागणं हाय माझं. दिवा खाली कर!

तुम्हाला सांगतो, बासष्ट साल. कळंबहून येडशीकडं निघालो हुतो. मागं तुरीची पोती, शेजारी आमची कमलबाई, बहिणीच्या लेकराच्या बारशाला निघालेली, मांडीवर लाडवाचा पत्र्याचा डबा. ती बोलती, म्या "व्हय व्हय" म्हणतो, झकास चाललं हुतं... अन् वळणावर उजेड आला! उजेड म्हणजे कसला? झाडं पांढरी, रस्ता पांढरा, कमलबाई सुदिक पांढरी! म्या पायाखालचं डिपरचं बटण दाबलं, आपला दिवा खाली केला, वर केला, फिरून खाली केला. माणसाला कळाय नको? त्यो आपला तसाच! खिडकीतनं मुंडकं काढून वरडलो, "दिवा खाली कर की रं!"

कमलबाई म्हणती, "अवो, रस्ता कुठाय?"

"तूच सांग की!"

"मला इचारता व्हय? चाक कुणाच्या हातात हाय?"

एवढं बोलस्तोवर धाडदिशी... डाव्या अंगाची चाकं रस्त्याकडंच्या चारीत! लारी कलंडली, कमलबाईचं कपाळ समोरच्या काचंवर, अन् रगत! तोंडभर रगत! ती किंचाळली, "डोळा गेला माझा!" म्या चाक सोडलं, तिचं तोंड धरलं. पदरानं पुसलं तर डोळा शाबूत, भुवई फुटलेली. मग कुठं जीव जाग्यावर आला, अन् जीव जाग्यावर आला तसा असा राग आला, असा राग आला... जॅकचा दांडाच उपसला!

त्यो बी लारी थांबवून उतरला हुता. हातात पाना! म्हणजे बघा, आंधळं बी आमाला करायचं अन् पाना बी ह्यानंच आणायचा! सास्तूरचा बशीर. नाव मागनं कळलं, आधी त्याचं दात कळलं, माझ्या दंडात घुसलं तवा.

"अंधा है क्या बे? दिवा उघडझाप करून मला चिडवतो?"

"चिडवतो? अरं, दिवा खाली कर म्हणत हुतो!"

"कैसा करू? डिपरची तार चुहे ने खाई!"

"मग उंदरालाच बसव की चालवायला!" म्हणलं अन् दांडा हाणला. त्यानं मान चुकवली, दांडा बसला त्याच्या दिव्यावर. काच खळकन! पाठीत बसला असता तर एवढा पिसाळला नसता गडी... माझं गचुरं धरलं, नाकावर ठोसा, पोटात गुडघा, म्या त्याचा कान पिळला, त्यानं माझ्या सदऱ्याची बाही मुळापासनं उपटली! दोघं रस्त्यात लोळतोय, कोण वर, कोण खाली, आमचं आमाला कळंना... तेवढ्यात कमलबाई आली, लाडवाचा डबा दोन्ही हातानं उचलला अन् घातला टाळक्यात! कुणाच्या?

"अगं, माझं डोस्कं हाय ते!"

"त्याचा एक दिवा जळतोय अजून तोंडावर, मला काय दिसतंय व्हय?"

घ्या! अन् त्यात मागनं तिसरा उजेड आला... ह्यो तर पहिल्या दोघांचा बाप! आमी गळ्यात गळा घालूनच चारीत उडी टाकली, न्हायतर दोघांचा बी चेंदा हुता. अन् तुम्हाला खोटं वाटंल, बशीर अन् म्या एका सुरात वरडलो, "दिवा खाली कर!" नुसतं वरडलो न्हाय, दगड उचललं. त्याचा दगड दिव्यावर, माझा काचंवर, कमलबाईचा छतावर. गाडी थांबली. जीप हुती. जीपमधनं आधी बूट उतरलं, मग खाकी, मग फौजदार.

ठाण्याचं नाव घेत न्हाय, उगं कशाला! कमलबाईला पट्टी बांधून बाकावर बसवली, तेवढं चांगलं केलं. कंदिलात रॉकेल न्हवतं. चार खाकी आमच्याभवती, अन् त्यातल्या कुणीतरी ही लांबलचक बॅटरी पेटवून धरली सरळ माझ्या डोळ्यात.

"दगड कुणी मारला?"

"सायेब, जरा खाली..."

फाट्! कानशिलात अशी बसली की कान अजून गुणगुणतोय. मग बॅटरी बशीरवर.

"साब, थोडा नीचे..."

फाट्!

सकाळी सोडलं. बशीर अन् म्या एका बशीतनं चहा प्यालो, दोघांचं गाल सुजलेलं, एकाला डावीकडनं पिता येईना, एकाला उजवीकडनं. गावातलं लोक म्हणले, "बलभीमराव, वर अर्ज करा! मारलं कुणी, फकस्त नाव सांगा."

आता नाव कुणाचं सांगू? चारातला कोण? मला दिसला निस्ता उजेड... अन् त्यातनं आलेला हात!