ज्या जावयापुढं वारं पडतं

हसू नका, पण पाण्यावरून उडणारा जावई बघायला माझी अख्खी सासुरवाडी सिद्धेश्वर धरणावर येऊन बसली होती. चूक माझीच. मीच जेवताना फुशारकी मारली होती, "मोठ्या पतंगाच्या दोरीला धरून पाण्यावर पळायचं. फळीखाली पातं असतं, त्याच्यानं फळी पाण्याच्या वर उचलती. नुसती झुळूक बी पुरती."

उतरलो तवा झुळूक होती. फळी उचलली, काठावर शिट्ट्या वाजल्या. मी एक हात सोडून सासऱ्यांना रामराम केला, आन वारं पडलं. पतंग पाण्यावर आडवा झाला आन मी धरणाच्या मधोमध फळीला धरून लोंबकळत राहिलो.

सासऱ्यांनी हाळी दिली, "जावईबापू, काहून थांबले?"

"वारं न्हाई, मामा!"

"मंग आता?"

"येईल की!"

आलं न्हाई. शेवटी मासे धरणाऱ्या एका चाचांनी थर्माकोलच्या तराफ्याला बांधून मला म्हशीवानी वढत काठाला आनलं. दुसऱ्या दिवशी तेच. दिवाळीला गेलो, तवा बी तेच.

मंग उन्हाळ्यात सासुरवाडीच्या गावाहून, जवळा बाजारहून, सासूबाईंचा फोन आला.

"बापू, धरणावर कधी उतरून राहिले तुमी?"

मला लई बरं वाटलं. म्हनलं, "काहून मामी, बघायला येता का?"

"न्हाई वो. गच्चीवर कुरडया वाळू घालायच्यात, वाऱ्यानं समदी माती बसती. तुमी पाण्यात उतरले की झाडाचं पान हालत न्हाई."