गाडीच्या मागच्या दाराला काळे फासल्याबाबत

नाव कमळा भूपेश पष्टे, वय ३६ वर्षे, काम गोदामात पॅकिंग (सध्या कामावरून बंद), राहणार पूर्णा, गोदामांच्या मागची चाळ, ता. भिवंडी. मूळ गाव वाडा तालुक्यात. नवऱ्याचे नाव मी लावत नाही, परंतु कागदावर लागते असे सांगितल्यामुळे लावू दिले आहे.

मला आज पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून हजर झाले आहे. कोन येथील दीपओंजळ संस्थेच्या संचालिका वल्लरी मॅडम यांनी माझ्याविरुद्ध तक्रार दिली आहे. मी काल्हेर येथील सभेत गोंधळ घातला आणि बाहेर उभ्या असलेल्या त्वरावाह लॉजिस्टिक्स कंपनीच्या गाडीला काळे फासून नुकसान केले, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यावर मला विचारले म्हणून मी माझ्या तोंडाने सांगते ते असे की,

गाडीला काळे मीच फासले. गोंधळ मी घातला नाही, प्रश्न विचारले. मुलीचे नाव या कागदात लिहू नये असे मी सुरुवातीलाच सांगितले आहे. तिचे नाव आधीच पुष्कळ ठिकाणी लिहून झाले आहे.

माझा नवरा भूपेश गाड्यांवर माल चढवण्या-उतरवण्याचे काम करतो. काल्हेर, पूर्णा, कोन या सगळ्या पट्ट्यात त्याचे येणे-जाणे असते. मुलगी नववीत असताना त्याने तिचे लग्न ठरवले. मुलगा कसला, तिच्या दुप्पट वयाचा माणूस होता. मुलीने शाळेतल्या बाईंना सांगितले, बाईंनी वर कळवले आणि लग्न थांबले. त्यावर नवऱ्याने अंगणात चारचौघांसमोर सांगितले की, हिने माझी अब्रू घालवली, ही जिथं गावंल तिथं हिचं थोबाड बघण्यासारखं ठेवणार न्हाय. मी त्याच्यासोबत पंधरा वर्षे राहिले आहे. तो बोलतो ते करतो, हे मला माहीत होते. मी मुलीला घेऊन घर सोडले.

शाळेतल्या बाईंनीच दीपओंजळ संस्थेचे नाव सुचवले. कोनला त्यांचे मुलींचे वसतिगृह आहे. बालकल्याण समितीसमोर नेऊन मुलीला रीतसर तिथे ठेवले. वल्लरी मॅडम शिकलेल्या आहेत, बोलायला मऊ आहेत. मी त्यांच्याकडे एकच गोष्ट मागितली. मी म्हणाले, "मॅडम, पोरीला एखादा घास कमी पडला तरी चालंल. पण तिचा फोटो न्हाय, तिचं नाव न्हाय. ती हितं हाय हे कुणाला कळाया नको. तिचा बाप गाड्यांवर असतो."

मॅडमनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "ताई, इथल्या भिंतींनाही आम्ही मुलींची नावं सांगत नाही."

दोन वर्षांहून जास्त काळ त्यांनी ते पाळले, हेही लिहून घ्यावे. मुलीचे खाणेपिणे, शाळा, दुखणेखुपणे सगळे नीट झाले. ती दहावी चांगल्या मार्कांनी पास झाली. मी पूर्ण्याला गोदामात पॅकिंगला लागले आणि महिन्यातून एकदा तिला भेटत होते. संस्थेने काहीच केले नाही असे मी म्हणत नाही. त्यांनी केले, आणि मग ते विकले.

नंतर संस्थेला त्वरावाह कंपनी मिळाली. कंपनीच्या देणगीला मॅडम सीएसआर म्हणत. कंपनीने पंखे दिले, पलंग दिले, कॉम्प्युटरची खोली बांधायला घेतली. कंपनीची माणसे पिवळे टीशर्ट घालून सुट्टीच्या दिवशी येत आणि मुलींबरोबर फोटो काढत. वसतिगृहात स्वयंपाकाला धोंडूबाई आहेत. त्यांनी मला नंतर सांगितले की, कंपनीच्या फोटोवाल्याने माझ्या मुलीला पुढे बसवले तेव्हा त्या स्वतः मॅडमकडे गेल्या आणि या पोरीचा फोटो काढायचा नाही ना, असे विचारले. मॅडम म्हणाल्या की, हा ऑफिसपुरता आहे, बाहेर जाणार नाही. मुलगी दिसायला चांगली आहे, हसते चांगली. तिला वाटले मॅडम सांगतायत म्हणजे चालत असेल.

तो फोटो मी पहिल्यांदा कामावर पाहिला. मी खोक्यांना टेप लावत होते. त्वरावाहची गाडी माल घ्यायला फलाटाला लागत होती. गाडी रिव्हर्स येत होती आणि तिच्या मागच्या दोन्ही दारांवर मिळून माझ्या मुलीचे तोंड होते. माणसाएवढे मोठे. खाली तिचे नाव. त्याखाली, "तुमचे पार्सल पोचते, हिचे स्वप्न पोचते." आणि सगळ्यात खाली संस्थेचे नाव, आणि कोन, भिवंडी.

गाडी माझ्याकडे येत राहिली आणि मी टेप हातात धरून उभी राहिले. आमचे सुपरवायझर कुमार यांनी विचारले, मावशी काय झाले. मी म्हणाले, माझी पोर आहे ती. ते बिचारे खूश झाले. त्यांनी सगळ्यांना बोलावून दाखवले आणि मला म्हणाले पेढे पायजेत. मग दारे उघडली, मुलीच्या तोंडाचे दोन भाग झाले, आणि आम्ही माल भरला.

दुसऱ्या दिवशी मी खाडा करून कोनला गेले. वल्लरी मॅडमनी आधी मला चहा दिला. मी गाडीचे सांगितल्यावर म्हणाल्या की, त्यांनाही छापून झाल्यावरच कळले, कंपनीच्या लोकांनी फोटो परस्पर निवडला. मग म्हणाल्या, आडनाव नाही टाकलेले, मुंबईत अशा नावाच्या हजार मुली आहेत. मी म्हणाले, हजार मुलींचे तोंड असे नाही. मग त्या म्हणाल्या की, मी कंपनीशी बोलते, पण ताई, तुम्ही बाहेर कुठे बोलू नका, या कंपनीवर इथल्या साठ मुली जेवतात. मी म्हणाले, मुलगी परत द्या. त्या म्हणाल्या, तसे देता येत नाही, समितीकडे अर्ज करावा लागतो, आणि तिची बारावी तोंडावर आहे. मुलगीही म्हणाली, आई, परीक्षा होऊ दे. मी परत आले.

महिना-दीड महिना गेला. गाड्या तशाच येत होत्या. मी फोन केला की मॅडम मीटिंगमध्ये असत.

यापुढचे मी डोळ्यांनी पाहिलेले नाही. धोंडूबाईंनी सांगितले आणि संस्थेच्याच व्हिडिओत पाहिले, ते सांगते. कॉम्प्युटरच्या खोलीचे उद्घाटन होते. मला बोलावणे नव्हते. गेटवर मांडव घातला होता, कंपनीची माणसे पाहुण्यांना गुलाब देत होती. भूपेश तिथे गेला. इस्त्रीचा शर्ट घालून गेला होता. गेटवर म्हणाला, गाडीवर जिचा फोटो आहे तिचा मी बाप. कोणी त्याला ओळखपत्र विचारले नाही. कोणी कागद पाहिला नाही की ही मुलगी इथे बापापासूनच लपवून ठेवलेली आहे. त्याला गुलाब दिला आणि पहिल्या रांगेत बसवले. कंपनीचे सुश्रुत साहेब, जे हे देणगीचे काम बघतात, त्यांनी माईकवर सांगितले की आज एक खास पाहुणे आलेत. मुलीला स्टेजवर बोलावले. मग बापाला बोलावले.

व्हिडिओत मुलगी त्याला बघते ते दिसते. ती एक पाऊल मागे जाते. वल्लरी मॅडम स्टेजवरच होत्या. त्या माझ्या नवऱ्याला कधी भेटल्या नव्हत्या, पण मी सांगितलेले त्यांना ठाऊक होते. त्यांनी मुलीच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला पुढे केले. भूपेशने मुलीचा हात धरला आणि स्टेजच्या पायऱ्या उतरून मांडवातून गेटबाहेर गेला. लोकांना वाटले, बाहेर फोटो काढायला नेतोय. ती बाहेर जाईपर्यंत लोक टाळ्या वाजवत होते. धोंडूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या तोवर रस्त्यावर कोणी नव्हते. संध्याकाळी संस्थेने तो व्हिडिओ गाणे लावून टाकला. वर लिहिले होते, लेकीचे यश पाहायला बाबा आले. तो काढायला त्यांना दुसरा दिवस उजाडला.

मुलगी हरवल्याची खबर द्यायला मी याच ठाण्यात आले होते. बाप घेऊन गेला तर पळवून नेले कसे म्हणायचे, व्हिडिओत तर ती स्वतःच्या पायाने चालते आहे, असे मला सांगण्यात आले. ज्यांनी सांगितले ते आज या खोलीत आहेत. त्यांचे नाव मी घेत नाही.

आठवड्याने मुलगी नवऱ्याच्या मावसभावाच्या शेतावरच्या झोपडीत सापडली. नवऱ्याने तिच्या उजव्या गालाला तापलेला तवा लावला होता. डोळा वाचला. नवरा अटकेत आहे, तो गुन्हा वेगळा चालू आहे, म्हणून त्याबद्दल जास्त सांगत नाही. परीक्षा झाली नाही.

मुलीला ठाणे शहरातल्या दवाखान्यातून सोडल्यावर ड्रेसिंगसाठी एक दिवसाआड न्यावे लागते. एकदा परत येताना काल्हेरजवळ ट्रॅफिकमध्ये रिक्षा अडकली. पुढे त्वरावाहची गाडी होती. मुलीने तोंडाला ओढणी बांधली होती. ती समोर बघत होती. गाडीवर ती हसत होती. मी तिला म्हणाले, डोळे मीट. तिने मिटले नाहीत. तिने रिक्षावाल्याला सांगितले, भैया, आगे लो ना. तो म्हणाला, किधर लूँ, सब जाम है. गाडी जेवढी सरकत होती तेवढे आम्ही तिच्या मागे सरकत होतो. घरी आल्यावर मुलीने भिंतीवरचा आरसा काढून पलंगाखाली ठेवला.

याच सुमारास पेपरात आणि मोबाईलवर बातम्या आल्या. संस्थेने अतीव दुःख झाल्याचे जाहीर केले. कंपनीने कळवले की संस्थेच्या अंतर्गत कारभाराशी तिचा संबंध नाही. लोक ऐकेनात, म्हणून दोघांनी मिळून काल्हेरच्या हॉलमध्ये सभा ठेवली. सगळ्यांनी यावे असे जाहीर केले होते, म्हणून मी गेले. मला कोणी अडवले नाही, कारण दारावर मला कोणी ओळखत नव्हते.

स्टेजवर वल्लरी मॅडम आणि सुश्रुत साहेब होते. पडद्यावर बालसुरक्षेचे नवे धोरण दाखवले. कोणाच्या चुकीने काय झाले हे पडद्यावर नव्हते. प्रश्न विचारायला सांगितल्यावर मी उठले आणि माझे नाव सांगितले. मी विचारले, माझ्या नवऱ्याला पहिल्या रांगेत कोणी बसवले? मॅडम म्हणाल्या, कार्यक्रमाची व्यवस्था कंपनीच्या टीमकडे होती. सुश्रुत साहेब म्हणाले, मुलींची माहिती संस्थेकडे असते, आम्हाला या मुलीबद्दल कधीच काही सांगितले नव्हते. मग दोघे एकमेकांशी हळू बोलले. मॅडम रडल्या. त्यांना पाणी देण्यात आले.

मग मी शेवटचे विचारले, "ते जाऊ द्या. गाड्यांवरून माझ्या पोरीचं तोंड काढलं का?"

सुश्रुत साहेब म्हणाले, "मॅडम, प्रोसेस चालू आहे. नवीन डिझाईन मंजूर झालं की सगळ्या गाड्यांचं एकदमच बदलू."

मी बसले नाही, ओरडलेही नाही. माईक परत दिला आणि बाहेर आले. ज्याला गोंधळ म्हटले आहे तो हा.

बाहेर, हॉलच्याच आवारात, त्वरावाहची गाडी उभी होती. सभेच्या खुर्च्या तिच्यातूनच आणल्या होत्या. शेजारी गॅरेज आहे. तिथे पत्र्याच्या डब्यात गाड्यांचे काढलेले काळे ऑईल होते. मी मेकॅनिकला विचारून घेतले, चोरले नाही. हाताने फासले. आधी डोळे, मग गाल, मग खालचे नाव. कपाळापर्यंत हात पोचेना म्हणून खुर्ची घेतली. लोक हॉलमधून बाहेर येऊन बघत होते, काहींनी मोबाईल काढले. वल्लरी मॅडम पायरीवर येऊन म्हणाल्या, "कमळाताई, हे काय करताय, ही तुमची मुलगी आहे."

मी त्यांना म्हणाले, "आलं म्हणायचं तुमच्या ध्यानात."

त्यानंतर पोलीस आले आणि मी त्यांच्यासोबत गेले.

मला विचारण्यात आले की, कंपनी दवाखान्याचा सगळा खर्च करायला तयार आहे आणि संस्था तक्रार मागे घ्यायला तयार आहे, त्याबदल्यात मी माफी मागून पुढे कुठे बोलणार नाही असे लिहून देईन का. माझे उत्तर नाही असे आहे. मला विचारण्यात आले की, पुन्हा असे करणार का. अशी गाडी दिसली आणि ऑईल मिळाले तर करीन. ऑईल मिळाले नाही तर चिखल आहे.

दीपओंजळ संस्था आणि त्वरावाह कंपनी या दोघांविरुद्ध माझी तक्रार आहे. तीही आज लिहून घ्यावी. ती लिहून घेतल्याशिवाय मी इथून उठणार नाही.

वरचा सगळा मजकूर साहेबांनी मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो उतरला आहे, फक्त शेवटी एक ओळ जास्त होती, "झाल्या प्रकाराचा मला पश्चात्ताप होत आहे." साहेब म्हणाले, ती सगळ्यांच्याच जबाबात असते. मी बोलले नव्हते म्हणून ती खोडायला लावली. खोडलेल्या जागी माझी सही आहे, आणि खाली ही दुसरी.

(सही) कमळा