वैशूचं दुखणं मी लपवलं

जयभीम.

बसा. मागं जे उभे आहेत त्यांच्यासाठी समोर सतरंजीवर जागा आहे, या पुढं.

मला बोलता येत नाही. मी टायर खोलणारा माणूस. या विहारात मी सतरंज्या टाकल्या, भोजनदानाच्या दिवशी वरण वाढलं, पण माइक कधी हातात घेतला नाही. आजही सकाळपासून तीनदा ठरवलं, आपण नाही बोलायचं. भंतेजी बोलले, गुरुजी बोलले, तिच्या शाळेतल्या मॅडम बोलल्या. सगळे चांगलं बोलले. पण एक गोष्ट अशी आहे, की ती माझ्याशिवाय दुसरं कोणी बोलू शकत नाही. म्हणून उभा राहिलो. मधेच अटकलो तर अटकू द्या. पाणीबिणी आणू नका.

मी वैशालीचा मोठा भाऊ. तुमच्यातले पुष्कळ जण मला पहिल्यांदा पाहून राहिले आहेत. कोणी नागपूरहून आलं, कोणी रायपूरहून, सालेकशाकडचेही लोक आहेत. तुम्ही तिला मोबाइलवर पाहिलं. तुमच्यासाठी ती 'खिडकीवाली'. आमच्यासाठी ती वैशू. इथं सडक अर्जुनीला हायवेला लागून माझं पंक्चरचं दुकान आहे. त्याच्या मागच्या दोन खोल्यांत ती वाढली. बाबा गेले तेव्हा ती नववीत होती. तेव्हापासून तिचा भाऊही मी आणि बापही मीच. एकतीस वर्षांची होती. तिला जाऊन आज नऊ दिवस झाले.

लोकांना वाटते, विमानाच्या खिडकीवरून नाव पडलं असेल. नाही. गोंदियाला एका तिकिटाच्या दुकानात ती कामाला होती. काचेला एक छोटी खिडकी होती, तिच्या मागं बसायची. हैदराबादला, पुण्याला, केरळला कामाला जाणारी पोरं तिच्याकडून तिकीट काढायची. रेल्वेचं तिकीट घेऊन माणूस निघून जायचा. विमानाचं तिकीट घेतलेला माणूस मात्र खिडकीसमोरून हलायचा नाही. "ताई, आत गेल्यावर काय करायचं? पट्टा आपल्याच हातानं लावायचा का? संडास असते का? पोत्यात तांदूळ नेले तर चालते का?"

एक दिवस तिनं घरी येऊन मला म्हटलं, "दादा, हे लोक विमानाले भीत नाहीत. तिथल्या माणसांपुढं आपलं हसू होईन, त्याले भीतात."

मग तिनं पगारातून स्वतःचं तिकीट काढलं. नागपूरहून बसली, मोबाइल हातात धरला, आणि घरातून निघाल्यापासून उतरेपर्यंत सगळं दाखवलं. आपल्याच बोलीत. "हे पाहा, इथं चप्पल काढा म्हनला तं काढा, लाजू नका. हा पट्टा असा लावा. कान गच्च झाले तं थूक गिळा." तो पहिला व्हिडिओ. तुमच्यातल्या कितीतरी जणांनी तोच पाहून पहिलं विमान पकडलं, हे मला या नऊ दिवसांत कळलं.

पुढं ती तेच काम करू लागली. या कंपनीचं विमान, त्या कंपनीचं विमान. बाकीचे लोक सीट किती मोठी, जेवण कसं, ते सांगतात. तिचे प्रश्न वेगळे होते. सूचना आपल्याला समजली का? पोत्यात सामान आणलेल्या माणसाशी काउंटरवरचा कसा बोलला? पहिल्यांदा बसलेल्या बाईला कोणी समजावून सांगितलं, की कोणी हसलं? आणि पाणी मागितलं तर किती वेळात आलं? हा प्रश्न प्रत्येक व्हिडिओत. तुम्ही खाली लिहायचे, "ताईले तहान लय लागते बाप्पा!" तीही हसायची.

एकदा विमानात एक म्हातारी होती, लेकीच्या बाळंतपणाला निघालेली. तिला संडासाचं दार उघडता येईना. विमानातली मुलगी तिला इंग्रजीत सांगत होती, आणि म्हातारी नुसती हात जोडून उभी. वैशू उठली, तिला आत घेऊन गेली, बाहेर उभी राहिली. व्हिडिओत तिनं म्हातारीचं तोंड दाखवलं नाही, नाव सांगितलं नाही. पण जे झालं ते सांगितलं. चार दिवसांनी त्या कंपनीच्या माणसाचा फोन आला. तेवढा भाग काढून टाका, पुढच्या प्रवासाची तिकिटं आम्ही देतो. मी म्हटलं, काढून टाक, काय जाते तुझं? ती म्हणाली, "दादा, त्या बुढीनं माह्या हात धरला होता." तो भाग तिनं काढला नाही. त्या कंपनीनं पुन्हा कधी फोन केला नाही.

अशी होती ती. खरं बोलायची. सगळ्यांबद्दल खरं बोलायची.

फक्त स्वतःबद्दल नाही. आणि त्याला कारण मी आहे.

मायबहिणींनो, भावांनो, आता जे सांगतो ते सांगायलाच मी उभा झालो. माझ्या बहिणीला सिकलसेल होता. लहानपणापासून होता. आपल्या भागात हा शब्द कोणाला समजावून सांगायची गरज नाही. इथं बसलेल्या कितीतरी घरांत तो आहे. रक्ताची गोळी वाकडी होते, नसेत अटकते, आणि माणूस दुखण्यानं गुरासारखा ओरडते. वैशू सहा वर्षांची होती तेव्हापासून आमच्या मायनं ते ओरडणं ऐकलं आहे. शेजारी विचारायचे, काय झालं? माय सांगायची, पाय मुरगळला.

ती पाणी का मागायची, कळलं आता? तिला पाणी कमी पडून चालत नव्हतं. थंडी चालत नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, विमानात बसायचं तर पाणी पीत राहा, अंग गरम ठेव, एका जागी बसून राहू नको, आणि लांबच्या प्रवासाआधी मला विचारून जा. ती सगळं पाळायची. तरी कधी कधी उतरल्यावर दोन-दोन दिवस लॉजच्या खोलीत पडून राहायची. तुम्ही पाहायचे ते हसणं त्याच्या आधीचं असायचं, नाहीतर नंतरचं.

पाच वर्षं झाली त्या गोष्टीला. ती दुकानावर आली, हातात वहीचा कागद. म्हणाली, "दादा, नवा व्हिडिओ लिहिला. सिकल असलेल्या मानसानं विमानात कसं बसावं. मी माह्यं कार्डच दाखवतो त्यात. आपल्या लोकांले कोनी सांगतच नाही."

तेव्हा आमच्या रीनाचं जमून राहिलं होतं. रीना आमची धाकटी. पाहुणे येऊन गेले होते, त्यांचा निरोप यायचा होता. मी जॅक खाली ठेवला आणि तिला म्हटलं, "पूरा जिल्हा पाहून राहिला तुले. एका बहिणीले सिकल म्हटलं तं दुसरीले कोण करन? तुह्यं तं झालं नाहीच, आता तिचंही होऊ देऊ नको."

असं बोललो मी. शब्द न् शब्द आठवते मला.

तिनं कागदाची घडी केली. "बरं दादा," म्हणाली. मी तेवढ्यावर थांबलो नाही. तिचं सिकल लिहिलेलं सरकारी दवाखान्याचं कार्ड मागून घेतलं आणि घरच्या पेटीत टाकलं. पर्समध्ये राहिलं तर कोणाच्या नजरेत येईल म्हणून.

रीनाचं लग्न झालं. वर्षभरानं वैशूनं पुन्हा विचारलं, "आता करू का दादा?" मी म्हटलं, आता सासरी तिला बोलणी बसतील, तिला एक लेकरू होऊ दे. तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही.

मधे तुम्ही लोक तिच्या मागं लागले होते, ताई, लेहला जा, लेहचं विमान दाखवा. तिला डॉक्टरांनी तेवढ्या उंचावर जायला साफ मनाई केली होती. ती म्हणायची, सध्या नाही. मग लोक लिहू लागले. दुसऱ्याला हिंमत देते आणि स्वतः भिते. खिडकीवाली घाबरली. ती मला ते वाचून दाखवायची. "दादा, यायले काय उत्तर देऊ?" मी म्हणायचो, देऊच नको. मी तुम्हाला दोष देत नाही. तुम्हाला माहीत नव्हतं. मी माहीत होऊ दिलं नाही.

आता शेवटचं सांगतो.

ती गुवाहाटीला गेली. सोबत तबस्सुम होती. ही इथं समोर बसली आहे, खांबाजवळ. गोंदियाच्या तिकिटाच्या दुकानात दोघी एका टेबलावर बसायच्या, पुढं तबस्सुमच तिचा कॅमेरा धरू लागली. चार वर्षं सोबत फिरली. तिलाही वैशूनं सांगितलं नव्हतं. मला दिलेला शब्द तिनं जिवाच्या मैत्रिणीपाशीही पाळला.

निघायच्या दिवशी वैशूच्या अंगात ताप होता. दोन विमानं बदलून पोचल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वैशूच्या छातीत दुखू लागलं, श्वास पुरेना. तबस्सुमनं तिला दवाखान्यात नेलं. वैशू शुद्धीत नव्हती. डॉक्टरांनी विचारलं, तबस्सुमनं जे माहीत होतं ते सांगितलं, ताप आहे, कालपासून जेवली नाही. मग तिनं मला फोन लावला आणि फोन डॉक्टरांच्या हातात दिला.

डॉक्टर म्हणाले, "इनको पहले से कोई बीमारी है क्या?"

दुकानात गावचे चार जण बसले होते. चहा पीत होते. माझ्याकडं पाहत होते.

मी म्हटलं, "नहीं साहब. ऐसा तो कुछ नहीं है."

ऐकलं तुम्ही? मी असं म्हटलं. मला विचार करावा लागला नाही. इतकी वर्षं तेच म्हणत आलो होतो, तोंडातून आपोआप निघालं. फोन ठेवला तेव्हा कळलं, मी काय बोललो. दुकानाच्या मागं गेलो, फोन लावला. कोणी उचलेना. पुन्हा लावला. तबस्सुम इकडून तिकडं धावत होती, तिच्या हातात फोन नव्हता. तिनं फोन उचलेपर्यंत संध्याकाळ झाली. तेव्हा मी ओरडून सांगितलं, सिकल आहे तिला, सिकल आहे! चारही जण अजून दुकानातच होते, त्यांनी ऐकलं. तेव्हा मला कोणाची लाज वाटली नाही. तीन तास आधी वाटली होती.

डॉक्टरांनी त्यानंतर सगळं केलं. रक्त दिलं, मशीन लावलं. ते भले माणूस होते. नंतर मला म्हणाले, आधी कळलं असतं तरी वाचलीच असती असं मी सांगू शकत नाही. मोठ्या मनानं बोलले ते. पण ते तीन तास त्यांचे नव्हते, वैशूचे होते. ते मी घेतले.

तिला आणायला मी पहिल्यांदा विमानात बसलो. एकटा. आणि मला कोणालाच काही विचारावं लागलं नाही. कोणत्या दारातून आत जायचं, चप्पल कुठं काढायची, पट्टा कसा लावायचा, सगळं येत होतं. तिनं सांगून ठेवलं होतं. शेजारच्या माणसानं विचारलं, "पहली बार?" मी मान हलवली. तो म्हणाला, "लगता नहीं." मी तोंडावर रुमाल धरून बसलो.

पोचलो तोवर ती गेली होती. दवाखान्याच्या दारात तबस्सुम उभी होती. एवढंच म्हणाली, "दादा, मुझे बताया क्यूँ नहीं?" मी काय सांगू तिला? रीनाच्या लग्नासाठी?

परवा मी जावयांना बाजूला घेतलं. म्हटलं, पाहुणे, मी तुमच्यापासून एक गोष्ट लपवली, आमच्या घरी सिकल आहे, मला माफ करा. ते म्हणाले, "भाऊ, मले माहीत होतं. रीनानं लग्नाच्या आधीच सांगितलं. आम्ही दोघानंही रक्त तपासून घेतलं होतं. मंगच हो म्हटलं."

पाच वर्षं. ज्या माणसापासून लपवलं, त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. रीना मला भिऊन बोलली नाही. वैशू मला शब्द देऊन बसली. आणि मी लोकांच्या तोंडाकडं पाहत बसलो, की ते काय म्हणतील. लोकांनी काहीच म्हटलं नसतं हो. म्हटलं असतं तर काय झालं असतं? आज ती इथं बसून ऐकत असती.

मी हे रडून मोकळा व्हायला सांगत नाही. मला मोकळं होता येणार नाही, आणि व्हायचंही नाही. मी एवढ्यासाठी सांगतो, की इथं बसलेल्यांत असा एखादा भाऊ असेल, एखादा बाप असेल, ज्यानं आपल्या पोरीला सांगून ठेवलं आहे, बोलू नको म्हणून. त्यानं आज घरी जावं आणि तिला म्हणावं, बोल. सोबत्याला सांग, मास्तरला सांग, डॉक्टरला आधी सांग. कार्ड तिच्या हातात द्यावं. माझ्याही रक्तात सिकल आहे, मी वाहक आहे. हे मी आज पहिल्यांदा चारचौघांत बोललो. पाहा, काही झालं नाही. छप्पर पडलं नाही.

वैशूला हे स्वतःच्या तोंडानं सांगायचं होतं. तिनं माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं असतं. तुम्हाला हसवून सांगितलं असतं. मी असंच सांगू शकलो, आणि फार उशिरा सांगितलं. तिनं माफ करावं, असं मी म्हणत नाही. तिला विचारायची सोय मी ठेवली नाही.

आता आपण दोन मिनिटं उभं राहू आणि तिच्यासाठी शांत राहू. सगळ्यांनी उठा.

माय, तू बस. तू उठू नको.