बापाने लिहिलेला निबंध

दातांच्या दवाखान्यात एक बाई गाल धरून बसली होती. दाढ इतकी ठणकत होती की बोलायची सोय नव्हती, ऐकायची होती. शेजारी एक बाप आणि त्याची मुलगी.

“सहा विषय, त्यातले तीन खोलात, हे समजलं. वर हा निबंध कशाला?”

“तो नसेल तर आमच्या बोर्डात बारावीचा डिप्लोमाच मिळत नाही, बाबा. कितीदा सांगू?”

“म्हणून तर रजा काढून लिहिला मी. पुलांचा इतिहास. चार हजार शब्द. कंबर मोडली माझी.”

“तो मी लिहायचा असतो.”

“नाव तुझंच घातलंय की.”

“आणि शेवटी मॅडम समोर बसवून विचारतात, कसं शोधलंस, कुठे अडलीस. काय सांगू?”

“सांग, लोखंडी पुलांपाशी अडले.”

“मी वाचलासुद्धा नाही तो.”

“उद्या द्यायचाय, आणि हे आज सांगतेस?”

“माझा मी कालच दिला. आपल्या रस्त्यावरचे बसायचे बाक का उखडले, त्यावर. महिनाभर म्हाताऱ्यांशी बोलत हिंडत होते.”

“बाक? पूल सोडून बाक? कपाळ माझं.”

“हो, बाक.”

“मग मी एवढं मरमर लिहिलं, त्याचं काय?”

“तुम्ही कुठे अडलात, ते सांगा ना. नंबर यायला वेळ आहे.”

“मला काय विचारतेस?”

“सांगा हो.”

“...अडलो ना. तिसऱ्याच पानावर. आधी वाटलं, नदी रुंद म्हणून पूल लांब. पण तसं नसतं बरं का...”

आतून त्या गाल धरलेल्या बाईला हाक आली. तिने मागच्या माणसाला खुणेनेच पुढे जायला सांगितलं.