मिठाचं पाणी

तसं काही नाही हो, पाणी गोड लागलं, एवढंच — तुम्ही बघा फ्रिजचं काम, काका, मी आपली बोलतेय — सकाळी वाटीत बोट बुडवून चाखलं तर साखर! आता हे पाणी खारटच हवं, आम्हा ज्यूंच्या वल्हांडणाच्या सणाला. का? आमचे पूर्वज मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, गुलाम होते ना, त्यांची आसवं ती. आई चाळीस वर्षं करतेय, डोळे मिटून करेल. मी तिला काय म्हणाले? "छान झालंय," म्हणाले — अगं बाई! काय पडलं? स्क्रू? असू दे, असू दे, मी अशीच दचकते.

त्या ताटाला नका हं हात लावू, मांडून ठेवलंय. तो लगदा — खजूर, सफरचंद, अक्रोड — तुम्ही हसाल, पण तो त्या गुलामांनी थापलेल्या विटांचा चिखल. आमच्याकडे चिखलच आधी संपतो. भाकर अशी पुठ्ठ्यासारखी का? मिसरातून पळायची घाई, पीठ फुगेपर्यंत थांबणार कोण! आणि ती रिकामी जागा कडू पाल्याची. तोच आणायला गेलीय आई. कोपऱ्यावरच, दहा मिनिटांचं काम — अकराला गेली. आता किती? अडीच? हो का. फोन वाजतोय, उचलत नाही. पिशवीच्या तळाशी गेला असेल.

एकटीला का पाठवलं, असं ना? नाही विचारलंत? मला वाटलं विचारलंत. — पाला होता हो घरात. तुम्ही आत्ता खालच्या कप्प्यातून काढून ठेवलात ना, तोच. ती बाहेर गेली की पाणी ओतून नवं करावं, तिला कळायला नको, एवढंच होतं मनात. केलं नवं. चाखलंसुद्धा. खारट आहे. काहीच वाटलं नाही मला.

जेवणाआधी घरातल्या सगळ्यात धाकट्यानं विचारायचं असतं — आजची रात्र वेगळी का? आमच्याकडे धाकटी मीच, सव्वीस वर्षांची घोडी, अजून विचारते. आणि आई सांगते. दरवर्षी तेच, पण पहिल्यांदाच सांगितल्यासारखं. — थांबा, पुन्हा लावते. वाजतोय. वाजतोयच — उचलला! आई? अगं, कुठे आहेस तू? — मी. — मी कोण म्हणजे? — काका, जरा आवाज नका करू — आई, मी. धाकटी. प्रश्न विचारते ती.