नव्या झडपेची मुदत

बाळाला छातीशी धरून मी हृदयाच्या दवाखान्यात बसले होते. शेजारी एक म्हातारं जोडपं.

"डेल्बर्ट, आज झडपेच्या ऑपरेशनला हो म्हण."

"या वयात कशाला चिरफाड, आर्लीन? आपला बेसबॉलचा संघसुद्धा यंदा नव्वद सामने हरलाय, बघायला उरलंय काय?"

"मग रोज सकाळी त्यांच्या खालच्या, शिकाऊ संघातल्या पोरांचे आकडे कशाला वाचतोस?"

"पोरं सोनं आहेत गं! टोबी एकोणीसचा आहे. तीन वर्षांत वरच्या संघात येतो की नाही बघ."

"मी बघीन. तू कुठे असशील?"

म्हाताऱ्याने नर्सला हाक मारली.

"सिस्टर, नवी झडप किती वर्षं टिकते?"

"दहा तरी."

"टोबीला वर यायला तीन, चेंडू फेकणाऱ्या त्या डावखुऱ्या पोराला पाच. बसवा!"

"आणि संघ जिंकायला?"

"त्याला एक झडप पुरायची नाही, आर्लीन."